बार्कलीला दुसऱ्या नंबरवर घेणं चूक होतं का?

प्रश्न: मी तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी न्यू जर्सीत आलो आणि ऑफिसातल्या मंडळींमुळे न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत एक वाद हमखास निघतो. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने करायची निवड) दुसऱ्या नंबरवर सेक्वॉन बार्कलीला घेतलं ते बरोबर की चूक? आता तर तो फिलाडेल्फिया ईगल्सकडून एका मोसमात २००० यार्डांच्या वर धावला आणि सुपर बोल हा लीगचा अंतिम सामनाही जिंकला. मग निवड बरोबरच होती ना? आणि पुढे कधी वरचा नंबर आला, तर रनिंग बॅक (चेंडू हातात घेऊन पळणारा खेळाडू) घ्यावा का?

उत्तर: बार्कली उत्तम खेळाडू आहे. निवड चुकीची होती. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि तुमच्या ऑफिसातला वाद मिटत नाही तो नेमका इथेच अडतो म्हणून. एक जण खेळाडूबद्दल बोलत असतो, दुसरा किमतीबद्दल.

मी आधी विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करायचो. गेली अठरा वर्षं कॉलेजमधल्या फुटबॉल खेळाडूंचं मूल्यमापन करून त्याचे अहवाल देणं हे माझं काम आहे. जायंट्सचा चाहता मी त्याही आधीपासून. म्हणजे या विषयावर माझं डोकं आणि माझं मन दोन्ही खर्ची पडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा नंबर म्हणजे काय ते बघू. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो. तिथे प्रत्येक संघाच्या हातात पैसे असतात आणि जास्त बोली लावणारा खेळाडू नेतो. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि आदल्या मोसमात जो तळाला तो सर्वांत आधी निवडणार. इथे नंबर हाच पैसा. तो दुसऱ्या संघाला विकता येतो, त्याच्या बदल्यात मागचे दोन-तीन नंबर घेता येतात. डॅलस काउबॉईजच्या माइक मॅककॉय यांनी १९९१ च्या सुमारास त्याचं एक कोष्टक बनवलं होतं: पहिल्या नंबरला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, सहाव्याला १६००, आणि पहिल्या फेरीतल्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या नंबरला ५९०. आता यापेक्षा सुधारित कोष्टकं आहेत, पण त्या काळापासून सगळी लीग याच भाषेत सौदे करत आली. तेव्हा २६ एप्रिल २०१८ च्या रात्री जायंट्सच्या खिशात २६०० गुणांची नोट होती. ती मोडून काय आणलं, हा खरा प्रश्न.

त्या रात्री एडिसनला एका मित्राच्या घरी तळघरात आम्ही नऊ-दहा जण जमलो होतो. आदल्या मोसमात संघ ३ सामने जिंकून १३ हरला होता, त्यामुळे अशी रात्र पुन्हा वाट्याला येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा होती. पहिल्या नंबरवर क्लीव्हलंडने बेकर मेफिल्ड घेतला. मग बार्कलीचं नाव पुकारलं आणि निम्मी खोली उठून नाचायला लागली. मला त्यांचा आनंद कळत होता. पेन स्टेट विद्यापीठाचा हा पोरगा, वजन २३३ पौंड म्हणजे जवळपास १०६ किलो, आणि ४० यार्डांचं अंतर ४.४० सेकंदांत पार केलेलं. त्या वजनाचा माणूस त्या वेगाने पळतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. अशा खेळाडूसाठी कोण नाही म्हणेल? पण माझ्या हातातल्या कागदावर मी दुपारीच लिहून ठेवलं होतं: पहिली पसंती, नंबर विकून मागे सरकणं. गिऱ्हाईक मिळालं नाही तर लाइनमन (समोरच्यांना अडवून मागच्यांना वाट आणि वेळ मिळवून देणारा) क्वेंटन नेल्सन किंवा एज रशर (टोकाकडून पास टाकणाऱ्यावर धावून जाणारा बचावपटू) ब्रॅडली चब. रनिंग बॅक दुसऱ्या फेरीत.

आता कारणं. पहिलं कारण पगाराचं आहे आणि ते चाहत्यांच्या वादात जवळजवळ कधीच येत नाही, म्हणून त्यावरच जास्त बोलतो. लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारापासून नव्या खेळाडूचा पगार तो कोणत्या जागेवर खेळतो यावर ठरत नाही, कोणत्या नंबरवर निवडला गेला यावर ठरतो. दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) घ्या, लाइनमन घ्या, रनिंग बॅक घ्या, रक्कम तीच. बार्कलीला ४ वर्षांचे सुमारे ३ कोटी १२ लाख डॉलर मिळाले, म्हणजे वर्षाला सरासरी ७८ लाख. त्या वेळी बाजारात अनेक वर्षांचा करार असलेल्या सर्वांत महागड्या रनिंग बॅकला, अटलांटाच्या डेव्हॉन्टा फ्रीमनला, वर्षाला ८२.५ लाख मिळत होते. म्हणजे लीगमध्ये एकही चेंडू हातात घ्यायच्या आधी बार्कली त्याच्या जागेच्या बाजारभावाला जवळजवळ भिडला होता. तो अगदी सर्वोत्तम निघाला तरीही संघाची बचत फारशी होणार नव्हती.

तोच पगार क्वार्टरबॅकला दिला तर? त्याच वसंतात मिनेसोटाने कर्क कझिन्सला वर्षाला २ कोटी ८० लाखांवर नेलं होतं. दुसऱ्या नंबरवरचा क्वार्टरबॅक कझिन्सच्या बरोबरीचा जरी निघाला असता, तरी वर्षाला २ कोटी डॉलर वाचले असते, आणि ते सलग चार वर्षं. पगाराची मर्यादा सगळ्या संघांना सारखी असते, त्यामुळे ते २ कोटी म्हणजे दोन-तीन चांगले लाइनमन किंवा बचावातले खेळाडू. वरच्या नंबरचा खरा फायदा असा दुसऱ्या जागांवर जाऊन दिसतो. रनिंग बॅक घेतला की तो फायदा तिथेच संपतो.

दुसरं कारण: रनिंग बॅक मागेही मिळतात. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही, त्याच ड्राफ्टमध्ये काय झालं ते पाहा. दुसऱ्या फेरीत ३४ व्या नंबरवर जायंट्सनी गार्ड (लाइनच्या मधला लाइनमन) विल हर्नांडेझ घेतला. लगेच पुढच्या, ३५ व्या नंबरवर क्लीव्हलंडने निक चब हा रनिंग बॅक नेला. चबने पहिल्या मोसमात ९९६ यार्ड काढले आणि पुढची चार वर्षं सलग हजाराच्या वर. कोलोरॅडोचा फिलिप लिंडसे तर सात फेऱ्यांत कोणी निवडलाच नाही. डेन्व्हरने तो नंतर तसाच करारावर घेतला आणि त्याच वर्षी तो १०३७ यार्ड धावून प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यात गेला. आता नेल्सन आणि निक चब ही जोडी समोर ठेवा आणि बार्कली आणि हर्नांडेझ ही जोडी शेजारी ठेवा. मी पहिली जोडी घेईन, आणि हे मी तेव्हाही म्हणत होतो.

बार्कलीने स्वतः काही कमी केलं नाही. पहिल्या मोसमात १३०७ यार्ड धावला, ९१ झेल घेऊन आणखी ७२१ यार्ड काढले, एकूण २०२८. वर्षातला सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला. आणि संघ? ५ विजय, ११ पराभव.

असं का होतं ते त्याच्या पहिल्याच सामन्यात दिसलं होतं. ९ सप्टेंबर २०१८, मेटलाइफ स्टेडियम, समोर जॅक्सनव्हिल. मी वरच्या बाजूला बसलो होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये गुण २०-९ असताना त्याला चेंडू मिळाला, उजवीकडे एक फट दिसली, एकाला चकवलं, दुसऱ्याला मागे टाकलं आणि ६८ यार्ड पळत जाऊन टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडे. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. सामना २०-१५ असा गेला, तरी लोक घरी जाताना त्या एका धावेबद्दलच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी सामन्याचं वरून घेतलेलं चित्रण लावून बसलो, ज्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. बार्कलीने त्या दिवशी १८ वेळा चेंडू नेला आणि १०६ यार्ड मिळवले. त्यातली ती एक धाव काढा, उरतात १७ प्रयत्नांत ३८ यार्ड. एकेक प्रयत्न थांबवून पाहिला की चित्र सारखंच. चेंडू हातात येतो, त्याने दोन पावलं टाकलेली असतात आणि समोरचा बचावपटू आपली लाइन फोडून आधीच त्याच्या अंगावर आलेला असतो. ज्याची पावलं पाहायला आपण पैसे मोजले, त्याला पाऊल टाकायला जागाच नाही. त्या वर्षी आपला क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग ४७ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच चेंडूसकट पाडला गेला, तोही याच लाइनमागे. ज्याला आपण मराठीत ‘आधी कळस मग पाया’ म्हणतो, ते मी त्या सोमवारी टीव्हीच्या पडद्यावर सतरा वेळा पाहिलं.

तिसरं कारण सर्वांत दुखरं आहे: नंबर विकणं शक्य होतं का? ड्राफ्टच्या महिनाभर आधी न्यूयॉर्कच्याच जेट्सनी सहाव्या नंबरवरून तिसऱ्यावर येण्यासाठी इंडियानापोलिस कोल्ट्सना आपला सहावा नंबर, ३७ वा, ४९ वा आणि वर २०१९ चा दुसऱ्या फेरीतला नंबर दिला. मॅककॉयच्या कोष्टकात पहिल्या तिघांचीच बेरीज २५४० होते, तिसऱ्या नंबरची किंमत २२००. म्हणजे क्वार्टरबॅकसाठी गिऱ्हाईक वाट्टेल तो भाव द्यायला तयार होतं. बफेलोच्या हातात १२ वा आणि २२ वा नंबर होता आणि त्यांनाही क्वार्टरबॅक हवाच होता. जायंट्सच्या आतल्या खोलीत कोणाचे फोन आले हे मी सांगू शकत नाही, पण बाजार तेजीत होता हे सगळ्यांना दिसत होतं.

कोल्ट्सनी त्या सौद्यातून काय केलं? सहाव्यावर नेल्सन, ३७ व्यावर टॅकल (लाइनच्या टोकाचा लाइनमन) ब्रेडन स्मिथ. आदल्या वर्षी त्यांचे क्वार्टरबॅक ५६ वेळा सॅक झाले होते. २०१८ मध्ये तो आकडा १८ वर आला, लीगमध्ये सर्वांत कमी. संघ ४-१२ (४ विजय, १२ पराभव) वरून १०-६ वर गेला आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, एक सामना जिंकला. यात त्यांचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक दुखापतीतून परतला हा मोठा वाटा होता, तो नाकारता येणार नाही. तरी लक सुरक्षित उभा राहिला तो त्या दोन पोरांमुळे.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे तेही मांडतो. तुमच्या ऑफिसात कोणीतरी हमखास म्हणत असणार, ‘अरे, जॉश ॲलन सातव्या नंबरवर होता, लमार जॅक्सन ३२ व्यावर होता, आणि यांनी रनिंग बॅक घेतला!’ हे दोघे पुढे नावाजलेले क्वार्टरबॅक ठरले, तरी हा युक्तिवाद सोडून द्या. तो नंतर सुचलेला शहाणपणा आहे. वायोमिंग विद्यापीठात ॲलनचे शंभरातले ५६ च पास पोहोचत होते आणि त्याच्याबद्दल जाणकारांमध्ये सरळ दोन तट होते. जॅक्सनला पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक संघाने ओलांडलं. त्या एप्रिलमध्ये जायंट्सनी क्वार्टरबॅक घ्यायचाच ठरवला असता, तर बहुधा सॅम डार्नॉल्ड किंवा जॉश रोझन घेतला असता. रोझनला ॲरिझोनाने एका वर्षात विकलं, डार्नॉल्डला जेट्सनी तीन वर्षांनी. डार्नॉल्ड २०२४ मध्ये मिनेसोटात जाऊन १४ सामने जिंकला, पण तोवर तो तीन घरं फिरून आलेला होता. माझ्या कागदावर क्वार्टरबॅकच्या यादीत रोझन पहिला होता आणि ॲलन चौथा. तो कागद मी जपून ठेवलाय.

ड्राफ्टबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलेला आकडा इथे सांगतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी (थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एका जागेवरचा एक खेळाडू निवडला गेला आणि त्यानंतर त्याच जागेवरचा दुसरा. यात आधीचा खेळाडू नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतं. जगातले सर्वांत अनुभवी स्काउट, महिनोन्‌महिने प्रवास, मुलाखती, चित्रणं, आणि हाती दोन टक्के. त्यामुळे ‘आम्हाला हाच एक पोरगा हवा’ असं ठाम म्हणणाऱ्या संघाची मला काळजी वाटते. दोन-तीन संधी घेऊन ठेवणारा संघ मला जास्त समंजस वाटतो.

क्लबची बाजूही पोरकट नव्हती. एलाय ३७ वर्षांचा होता, त्याच्याकडे एक शेवटची घोडदौड शिल्लक आहे असं त्यांना वाटत होतं. आदल्या वर्षी पास झेलणाऱ्या ओडेल बेकहॅमचा घोटा मोडला होता, तो परत येणार होता. लाइनसाठी नेट सोल्डरला ६ कोटी २० लाखांचा करार देऊन आणलं होतंच. त्यांच्या मते घर तयार होतं, फक्त दिवा लावायचा होता. निदान चुकलं. पुढच्याच वर्षी सहाव्या नंबरवर डॅनियल जोन्स हा क्वार्टरबॅक घ्यावा लागला, तेव्हा आधीच्या वर्षीच्या निर्णयाचा पाया किती कच्चा होता ते कळलं. बार्कली असतानाच्या सहा मोसमांत संघाने ३४ सामने जिंकले, ६४ हरले, एक बरोबरीत सुटला. त्यात २०२० मध्ये शिकागोत त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, आणि रनिंग बॅकच्या बाबतीत ही जोखीम हिशेबात आधीच धरावी लागते. ३५ व्या नंबरवरच्या चबचाही गुडघा २०२३ मध्ये गेला. पण तिथे पणाला लागलेली नोट ५५० गुणांची होती, २६०० ची नव्हती.

आता तुमचा मुख्य मुद्दा: ईगल्सकडे जाऊन तो २००५ यार्ड धावला, ही कामगिरी करणारा लीगच्या इतिहासातला फक्त नववा खेळाडू ठरला, मग निवड बरोबर नव्हती का? मला तर तो मोसम म्हणजे माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. ईगल्सनी त्याला मार्च २०२४ मध्ये ३ वर्षांसाठी ३ कोटी ७७.५ लाखांवर घेतलं. ड्राफ्टमधला एकही नंबर न देता. आणि कोणाच्या मागे उभं केलं? उजवीकडे लेन जॉन्सन, २०१३ चा चौथा नंबर. मध्ये दुसऱ्या फेरीतले दोघे, लँडन डिकर्सन आणि कॅम जर्गेन्स. आणि डावीकडे जॉर्डन मायलाटा. हा ऑस्ट्रेलियातला रग्बीपटू, त्याने ड्राफ्टपूर्वी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. ईगल्सनी तो कुठे घेतला माहीत आहे? त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, सातव्या फेरीत, २३३ व्या नंबरवर. जायंट्सनी बार्कलीला घेतल्यानंतर दोन दिवसांनी. मग सहा वर्षं त्यांनी त्याला घडवलं, आणि पाया उभा राहिल्यावर कळस बाजारातून विकत आणला.

२० ऑक्टोबर २०२४ ला बार्कली मेटलाइफवर पाहुणा म्हणून आला. लोकांनी हुर्यो उडवली. १७ प्रयत्नांत १७६ यार्ड. पहिल्या सामन्यातल्या त्या सतरा प्रयत्नांची मला आठवण झाली. मैदान तेच, माणूस तोच, प्रयत्नही तेवढेच. ईगल्स २८-३ ने जिंकले.

फिलाडेल्फियाच्या मंडळींना हे शहाणपण उपजत होतं असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. १९९९ मध्ये त्यांच्याकडे दुसराच नंबर होता. चाहत्यांना रनिंग बॅक रिकी विल्यम्स हवा होता, खुद्द महापौर एड रेंडेल त्याच्या बाजूने बोलत होते, आणि स्थानिक रेडिओच्या पुढाकाराने तीसेक जण बसने न्यूयॉर्कला गेले होते. संघाने क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅब घेतला आणि त्या पोराच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच मॅकनॅबने त्यांना पाच वेळा कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेलं. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिट्का यांनी त्या वर्षीचे हातातले सगळे नंबर आणि पुढच्या वर्षीचे पहिल्या व तिसऱ्या फेरीचेही दिले. त्यांचा संघ ३-१३ झाला आणि डिट्कांची नोकरी गेली. आपल्याकडेही १९७९ मध्ये क्वार्टरबॅक फिल सिम्सचं नाव पुकारल्यावर अशीच हुर्यो झाली होती. पुढे सुपर बोलमध्ये २५ पैकी २२ पास पोहोचवणारा हाच तो सिम्स.

मग वरच्या नंबरवर रनिंग बॅक कधीच घेऊ नये का? डॅलसने २०१६ मध्ये चौथ्या नंबरवर इझिकिएल इलियट घेतला आणि तो पहिल्याच वर्षी १६३१ यार्ड काढून लीगमध्ये अव्वल आला, संघ १३-३ झाला. पण तिथे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन असे पहिल्या फेरीतले तीन लाइनमन आधीपासून उभे होते. अशी लाइन असेल आणि क्वार्टरबॅकचा प्रश्न सुटलेला असेल, तर दहाच्या आसपासच्या नंबरवर मी रनिंग बॅकचा विचार करीन. दुसऱ्या नंबरवर तरीही नाही.

पुढच्या ड्राफ्टला तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना नाव पुकारायच्या आधी एकेका कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगा: या नंबरला कोणी काय भाव देईल, हीच जागा चाळिसाव्या नंबरवर कोण भरेल, आणि आपली लाइन आज कशी आहे. खाली सही आणि तारीख. कागद चार वर्षं ठेवायचे. माझा २०१८ चा कागद टेबलाच्या खणात आहे, रोझनच्या नावासकट.